हरलेल्या पक्षाचा गटनेता कोण ठरवतं? गटनेता, प्रतोद आणि विरोधी पक्षनेता यातला फरक समजून घ्या

कट्टा (ता. मालवण) : मागच्या विधानसभेचा निकाल लागला त्यानंतरची गोष्ट. कट्टा बाजारात चहा पिताना एका काकांनी विचारलं, "हरलेल्या पक्षाक नेतो कित्याक व्हयो?" सगळे हसले, पण नीट उत्तर कुणालाच देता आलं नाही. मलाही नाही. बातम्यांत गटनेता, प्रतोद, विरोधी पक्षनेता हे शब्द रोज येतात आणि आपण तिन्ही एकच समजतो. म्हणून हा लेख.

एका पक्षाचे जेवढे आमदार निवडून येतात त्या सगळ्यांचा मिळून विधिमंडळ पक्ष होतो. सभागृहात त्यांचा जो पुढारी तो गटनेता. प्रतोदाचं काम वेगळं. मतदानाच्या वेळी आमदार हजर ठेवायचे आणि पक्षादेश, म्हणजे व्हिप काढायचा. व्हिप मोडणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते, तशी तरतूद राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात आहे. ही दोन्ही पदं पक्षाची. विरोधी पक्षनेता हे मात्र सभागृहाचं पद आहे. त्याला अध्यक्षांची मान्यता लागते आणि कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा मिळतो.

गटनेता निवडायची रीत सोसायटीच्या चेअरमनसारखीच. आमदारांची बैठक होते, एकजण नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, ठराव होतो आणि पत्र अध्यक्षांकडे जातं. पण नाव बहुतेक वेळा बैठकीआधीच ठरलेलं असतं.

२०२४ चंच बघा. २३ नोव्हेंबरला निकाल लागला. ठाकरेंच्या शिवसेनेचे २०, काँग्रेसचे १६ आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे १० आमदार आले. ठाकरेंच्या पक्षाने दोनच दिवसांत नावं जाहीर केली. दोन्ही सभागृहांसाठी नेते आदित्य ठाकरे, विधानसभेतले गटनेते गुहागरचे भास्कर जाधव आणि प्रतोद सुनील प्रभू. पवारांच्या पक्षाने जितेंद्र आव्हाडांना नेमलं. काँग्रेसची पंचाईत वेगळीच होती. आधीचे विधिमंडळ नेते बाळासाहेब थोरात संगमनेरमध्ये स्वतःच पडले. आमदार नाही तर गटनेताही होता येत नाही. विजय वडेट्टीवारांचं नाव दिल्लीहून जाहीर व्हायला फेब्रुवारी २०२५ उजाडला. जवळपास तीन महिने गेले. इतका वेळ लावायची काय गरज होती ते पक्षालाच ठाऊक. आमच्याकडे तेवढ्यात काजूचा हंगाम येतो.

पद छोटं वाटतं, पण त्यावरून सरकारं हललीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये राष्ट्रवादीचे गटनेते अजित पवार होते. आमदारांच्या सह्यांची यादी त्यांच्या हातात होती आणि त्याच जोरावर २३ नोव्हेंबरला सकाळी सकाळी शपथविधी झाला. पक्षाने लगेच त्यांना काढून जयंत पाटलांना नेमलं. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे गटनेते एकनाथ शिंदे होते. त्यांना काढून अजय चौधरींना नेमल्याचं पत्र ठाकरेंनी दिलं, आणि शिंदेंबरोबरच्या आमदारांनी भरत गोगावलेंना प्रतोद केलं. मग खरा कोण? हा वाद सुप्रीम कोर्टात गेला. ११ मे २०२३ च्या निकालात कोर्टाने सांगितलं की गटनेता आणि प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, नुसत्या आमदारांच्या गटाचा नाही. म्हणजे काकांच्या प्रश्नातला 'नेता कोण ठरवतं' हा भाग तिथे मिटला.

आता विरोधी पक्षनेता. हे पद एकेकाळी आपल्या मालवणकडे होतं, नव्या पोरांना हे माहीत नसेल. नारायण राणे मालवणचे आमदार होते आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात युतीची सत्ता गेली. शिवसेनेचे ६९, भाजपचे ५६ आमदार होते. विरोधकांत सेना मोठी, म्हणून पद सेनेकडे आलं आणि राणे विरोधी पक्षनेते झाले. जुलै २००५ मध्ये शिवसेना सुटेपर्यंत ते त्या पदावर होते.

आकडा घटला की पद हातचं जातं, हेही शिवसेनेने पाहिलंय. १९९० ला सेनेचे ५२ आमदार होते आणि मनोहर जोशी विरोधी पक्षनेते. १९९१ मध्ये छगन भुजबळ काही आमदार घेऊन फुटले आणि पद भाजपच्या गोपीनाथ मुंडेंकडे गेलं.

२०२४ नंतर अडचण याहून मोठी झाली. २८८ चे दहा टक्के म्हणजे २९ आमदार हवेत असं सत्ताधारी बाजूने सांगितलं जातं, आणि एकाही विरोधी पक्षाकडे तेवढे नाहीत. पण दहा टक्क्यांचा हा संकेत लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या काळापासूनचा. राज्याचा विरोधी पक्षनेत्यांच्या पगाराचा १९७८ चा कायदा आहे, त्यात हा आकडा नाही. सर्वात जास्त सदस्य असलेल्या विरोधी पक्षाचा नेता आणि अध्यक्षांची मान्यता, एवढंच त्यात आहे. मार्च २०२५ मध्ये ठाकरेंच्या पक्षाने भास्कर जाधवांचं नाव अध्यक्ष राहुल नार्वेकरांकडे दिलं. त्या वर्षीचं पावसाळी अधिवेशनही पद रिकामं ठेवूनच संपलं.

याचा आपल्याशी काय संबंध? ग्रामपंचायतीत माहितीचा अधिकार टाकणारे बरेचजण इथे आहेत. अपील शेवटी राज्य माहिती आयोगाकडे जातं. तिथले आयुक्त ज्या समितीच्या शिफारशीने नेमले जातात, त्यात मुख्यमंत्री, एक मंत्री आणि विधानसभेतला विरोधी पक्षनेता असे तिघे असतात. मान्यता असलेला विरोधी पक्षनेता नसेल तर सर्वात मोठ्या विरोधी गटाचा नेता धरावा, असं २००५ च्या कायद्यातच लिहिलंय. तीन खुर्च्यांपैकी दोन सरकारच्या, तिसरी हरलेल्या पक्षाच्या गटनेत्याची.

काकांना परवा हे सांगितलं. म्हणाले, "मगे तेका तरी नीट बसवा." सिंधुदुर्गातल्या कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या तिन्ही जागा २०२४ ला महायुतीकडे गेल्या. इथे दुसऱ्या बाजूला मत दिलेल्यांचा प्रश्न विधानसभेत मांडायचा तर विरोधी बाकावरचा कोकणातला सर्वात जवळचा आमदार गुहागरचा.