फकिराच्या कटोऱ्याचं मूळ गाव

लहानपणी दर जुमेरातीला आमच्या दारात एक फकीरबाबा यायचे. त्यांच्या हातात काळा, तुळतुळीत, होडीसारखा कटोरा असे. तो कशाचा, असं मी दादीला विचारलं. ती म्हणाली, "दर्यातला नारळ आहे तो. समुद्राच्या तळाशी झाड असतं त्याचं." मी ते खरं मानलं. पुढं वाचायला लागल्यावर कळलं, की दादीच नव्हे, मोठमोठे विद्वानही शेकडो वर्षं हेच मानत होते.

या कटोऱ्याला कशकोल म्हणतात. इराणपासून हिंदुस्थानपर्यंत दरवेशांच्या हाती तो दिसे. त्याचा नारळ लाटांबरोबर वाहत मालदीवच्या किनाऱ्याला लागायचा, पण झाड कुणीच पाहिलं नव्हतं. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं 1563 च्या आपल्या ग्रंथात या नारळाची विषावरचा उतारा म्हणून असलेली ख्याती नोंदवली आहे. युनानी हकीमही तो औषधात वापरत. 1602 मध्ये जहाज फुटून मालदीवमध्ये अडकलेला फ्रेंच प्रवासी फ्रांस्वा पिरार लिहितो, की असा नारळ सापडला तर तो सुलतानाचा.

झाड सापडलं ते 1768 मध्ये, मालदीवपासून दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, सेशेल्सच्या प्रास्लिन बेटावरच्या जंगलात. पुढच्याच वर्षी एका फ्रेंच कप्तानानं जहाज भरून नारळ हिंदुस्थानात आणून विकले आणि भाव कोसळला. गूढ उकललं तसं मोलही गेलं.

त्या जंगलाचा एक तुकडा आज वाले द मे या नावानं राखलेला आहे. क्षेत्र अवघं साडेएकोणीस हेक्टर. 1966 मध्ये त्याला संरक्षण मिळालं, 1983 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं. नर झाड वेगळं, मादी वेगळं. फळ पिकायला सहा-सात वर्षं लागतात. याची बी वनस्पतींच्या जगात सर्वांत मोठी, अठरा किलोपर्यंतही भरते. 1881 मध्ये इंग्रज सेनापती गॉर्डन इथं आला आणि हीच आदमची जन्नत, अशी त्यानं खूणगाठ बांधली.

मला मात्र वेगळीच गोष्ट चटका लावून गेली. जिवंत, रुजण्याजोगा नारळ पाण्यात बुडतो. तरंगतो तो आतून कुजून पोकळ झालेलाच. म्हणून हे झाड समुद्र ओलांडून कुठंच रुजलं नाही. आपोआप उगवतं ते प्रास्लिन आणि शेजारच्या क्यूरियूझ बेटावरच. सुलतानाच्या खजिन्यात गेले, हकिमांनी उगाळले, ते सगळे मेलेले नारळ होते.

आज तिथं परवान्याशिवाय हा नारळ नेता येत नाही, तरी चोऱ्या होतात. आपण कशकोलाचं कौतुक केलं, त्याच्या गोष्टी सांगितल्या. झाडाची खबरबात मात्र कधी घेतली नाही.

दादी आता नाही. असती तर तिला सांगितलं असतं, "दादी, झाड समुद्रात नाही, डोंगरातल्या दरीत आहे. आणि फार थोडी उरलीत." ती आधी हसली असती. मग नक्की म्हणाली असती, "मग जपा की रे त्यांना."