त्सुंदोकू

त्सुंदोकू हा जपानी भाषेतील शब्द आहे. वाचण्याच्या हेतूने पुस्तके मिळवायची आणि ती न वाचताच साठू द्यायची, या सवयीसाठी तो वापरला जातो. अशा रीतीने साठलेल्या पुस्तकांच्या ढिगालाही त्सुंदोकू असेच म्हणतात. शब्दात थट्टेची छटा आहे, मात्र तो अपमानकारक मानला जात नाही. मराठीत या अर्थाचा एकच एक प्रतिशब्द रूढ झालेला नाही. या सवयीवरील सर्वपरिचित उपाय म्हणजे काही काळ नवी खरेदी थांबवून घरातील पुस्तके क्रमाने वाचत जाणे. प्रस्तुत लेखात सवय व उपाय या दोहोंचा परिचय करून दिला आहे.

व्युत्पत्ती

जपानी भाषेत ‘त्सुंदे ओकू’ म्हणजे ‘रचून ठेवणे’. बोलण्याच्या ओघात त्याचा उच्चार ‘त्सुंदोकू’ असा होतो. ‘दोकू’ हा उच्चार ‘वाचन’ या अर्थाच्या चिन्हाचाही असल्यामुळे शब्दाच्या अखेरीस ते चिन्ह लिहून हा श्लेष साधला गेला. हा शब्दप्रयोग मेइजी कालखंडातील (१८६८–१९१२) मानला जातो.

जपानीत वाचनाचे प्रकार सांगणारे अनेक शब्द ‘दोकू’ने संपतात. ‘सेइदोकू’ म्हणजे बारकाईने केलेले वाचन, ‘रांदोकू’ म्हणजे हाती येईल ते वाचणे, ‘ओंदोकू’ म्हणजे मोठ्याने वाचणे आणि ‘मोकुदोकू’ म्हणजे मूकवाचन. या मालिकेत ‘त्सुंदोकू’ बसवल्याने रचून ठेवणे हाही वाचनाचाच एक प्रकार आहे, असा विनोदी अर्थ निघतो.

ग्रंथवेड आणि त्सुंदोकू

ग्रंथवेड व त्सुंदोकू या दोन गोष्टी भिन्न आहेत. ग्रंथवेडात संग्रह हेच साध्य असते. दुर्मीळ आवृत्ती, बांधणी, पूर्वीच्या मालकाची स्वाक्षरी यांना मजकुराइतकेच किंवा त्याहून अधिक महत्त्व येते. त्सुंदोकूमध्ये प्रत्येक पुस्तक घेताना ते वाचण्याचा प्रामाणिक इरादा असतो, वाचन तेवढे लांबणीवर पडते.

इंग्लंडमध्ये १८०९ साली थॉमस फ्रॉग्नल डिब्डिन यांनी ग्रंथवेडावर एक पुस्तकच लिहिले. त्या काळातील संग्राहक रिचर्ड हेबर (१७७३–१८३३) यांच्या पुस्तकांनी अनेक घरे भरली होती. एक प्रत दाखवण्यासाठी, एक वापरण्यासाठी व एक मित्रांना देण्यासाठी हवी, असे त्यांचे मत सांगितले जाते. सर थॉमस फिलिप्स (१७९२–१८७२) यांनी जगातील प्रत्येक पुस्तकाची एक प्रत आपल्याकडे असावी अशी आकांक्षा बाळगली. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या संग्रहाची विक्री शंभराहून अधिक वर्षे चालू राहिली.

विचारपरंपरा

न वाचलेल्या पुस्तकांविषयीची तक्रार मुद्रणकलेपेक्षा जुनी आहे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका यांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात, ज्यांची नुसती शीर्षके वाचण्यासही मालकाला आयुष्य पुरणार नाही अशा ग्रंथसंग्रहांवर टीका केली. मालकीची सर्व पुस्तके वाचणे शक्य नसेल, तर वाचणे शक्य असेल तेवढीच बाळगावीत, असा सल्ला त्यांनी आपल्या पत्रांत दिला आहे. पुस्तकातच राहिलेली विद्या आणि परहस्ते गेलेले धन वेळेला उपयोगी पडत नाही, या आशयाचे संस्कृत सुभाषितही प्रसिद्ध आहे.

याच्या विरुद्ध बाजूचा विचारही तितकाच ठाम आहे. जर्मन विचारवंत वॉल्टर बेन्यामिन यांनी आपल्या संग्रहाविषयी १९३१ साली लिहिलेल्या निबंधात फ्रेंच लेखक आनातोल फ्रान्स यांची आख्यायिका सांगितली आहे. ही सारी पुस्तके वाचली का, असे विचारणाऱ्या पाहुण्याला फ्रान्स यांनी, दहावा हिस्साही वाचलेला नाही असे उत्तर दिले, आणि घरातील उंची चिनी मातीची भांडी आपण रोज वापरता का, असा उलट प्रश्न केला.

इटालियन लेखक उंबेर्तो एको यांचा ग्रंथसंग्रह सुमारे तीस हजार पुस्तकांचा होता. त्याचा दाखला देऊन नसीम निकोलस तालेब यांनी ‘द ब्लॅक स्वान’ (२००७) या पुस्तकात ‘प्रति-ग्रंथालय’ या अर्थाची संज्ञा मांडली. वाचलेल्या पुस्तकांपेक्षा न वाचलेली पुस्तके अधिक मोलाची, कारण ती आपल्या अज्ञानाची जाणीव सतत जागी ठेवतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

ढीग वाढण्याची कारणे

पुस्तक विकत घेण्यास काही मिनिटे लागतात, तर ते वाचण्यास काही दिवस किंवा आठवडे लागतात. हा फरक हेच ढीग वाढण्याचे मूळ कारण आहे. त्यात पुढील बाबींची भर पडते.

• सवलत: प्रदर्शने, प्रकाशनपूर्व सवलत आणि संचाची कमी किंमत यांमुळे गरजेपेक्षा अधिक पुस्तके घेतली जातात.
• भावी वाचकाची कल्पना: निवृत्तीनंतर किंवा मुले मोठी झाल्यावर निवांत वाचू, या भरवशावर खरेदी होते.
• दुर्मिळतेची भीती: आज घेतले नाही तर पुढे मिळणार नाही, अशी शंका असते.
• भेटपुस्तके: सत्कार, प्रकाशन समारंभ व स्नेहीजनांकडून आलेली पुस्तके स्वतःच्या निवडीची नसतात, म्हणून मागे पडतात.
• अदृश्य साठा: ई-पुस्तके जागा व्यापत नसल्याने त्यांची संख्या लक्षात येत नाही.

आवक आणि वाचनाचा हिशेब

ढीग कमी होईल की वाढेल हे साध्या वजाबाकीने कळते. एखाद्याकडे न वाचलेली ३०० पुस्तके आहेत व तो महिन्याला २ पुस्तके वाचतो असे समजू. वर्षाला त्याची २४ पुस्तके वाचून होतील. एकही नवे पुस्तक घेतले नाही, तर ढीग संपण्यास साडेबारा वर्षे लागतील. महिन्याला १ पुस्तक घेतले तर हाच काळ २५ वर्षांचा होतो. महिन्याला ३ घेतली, तर ढीग दरवर्षी १२ पुस्तकांनी वाढतो व कधीच संपत नाही.

या उदाहरणातील वाचकाने वर्षभर खरेदी पूर्ण बंद ठेवली तरी ढीग ३०० वरून २७६ वर येतो. म्हणजे केवळ खरेदीबंदीने मोठा ढीग लवकर उतरत नाही, त्यासाठी निवडही करावी लागते. कोश, संदर्भग्रंथ व समग्र वाङ्मयाचे संच आरंभापासून अखेरपर्यंत वाचण्यासाठी नसतात. त्यांना मोजणीतून वगळल्यास खरा आकडा बराच लहान असल्याचे दिसून येते.

खरेदी थांबवून वाचण्याचे प्रयोग

ब्रिटिश लेखिका सुसान हिल यांचा प्रयोग याबाबतीत विशेष प्रसिद्ध आहे. घरात एक पुस्तक शोधत असता ते सापडले नाही, मात्र कधीच न वाचलेली व पुन्हा वाचावीशी वाटणारी अनेक पुस्तके हाती लागली. त्यावरून त्यांनी वर्षभर नवी पुस्तके न घेता घरातीलच पुस्तके वाचण्याचा संकल्प केला. या वर्षाची हकीकत त्यांनी २००९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘हॉवर्ड्स एंड’ या कादंबरीचे नाव तिच्या शीर्षकात गुंफलेले आहे. अखेरीस उरलेल्या आयुष्याला पुरतील अशा चाळीस पुस्तकांची यादी त्यांनी केली. खरेदी टाळण्याचा संकल्प अशा रीतीने आपल्याला नेमके काय हवे आहे या शोधापर्यंत पोहोचला.

इंग्रज लेखक निक हॉर्न्बी यांनी २००३ पासून अमेरिकेतील ‘द बिलीव्हर’ या नियतकालिकात वाचनावर सदर लिहिले. त्याच्या आरंभी दर महिन्याला दोन याद्या असत, एक विकत घेतलेल्या पुस्तकांची व दुसरी वाचलेल्या पुस्तकांची. दोन्ही याद्या क्वचितच जुळत. या मांडणीमुळे खरेदी व वाचन यांतील अंतर वाचकांसमोर उघडपणे आले.

रूढ पद्धती

मोजदाद: सर्व पुस्तके कपाटाबाहेर काढून न वाचलेल्यांची वहीत नोंद केली जाते. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती अनेकदा याच वेळी सापडतात.

विभागणी: पुस्तकांचे तीन गट पाडले जातात: वाचायची, लागतील तेव्हा पाहायची आणि देऊन टाकायची.

मुदतीची बंदी: तीन महिने, सहा महिने किंवा एक वर्ष खरेदी थांबवली जाते. अभ्यासाची पाठ्यपुस्तके व दुसऱ्याला भेट द्यायची पुस्तके यांचा अपवाद आधीच ठरवून ठेवणे सोयीचे असते.

प्रमाणबद्ध खरेदी: घरातील ठरावीक पुस्तके वाचून झाल्यावरच एक नवे घेतले जाते. पूर्ण बंदीनंतर एकदम होणारी मोठी खरेदी यामुळे टळते.

प्रतीक्षायादी: मोह झालेल्या पुस्तकाचे नाव तारखेसह लिहून ठेवले जाते. महिन्याभरानंतरही ते हवेसे वाटले तरच त्याचा विचार होतो.

पन्नास पानांचा नियम: अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी हा नियम सुचवला. पन्नास पाने वाचूनही पुस्तक रुचले नाही तर ते सोडून द्यावे. पन्नाशी उलटलेल्या वाचकाने शंभरातून आपले वय वजा करावे व उरतील तेवढीच पाने वाचून निर्णय घ्यावा. ६५ वर्षांच्या वाचकासाठी ही संख्या ३५ होते.

मराठी वाचकांच्या संदर्भात

मराठी घरांत पुस्तके साठण्याचे काही प्रसंग ठरलेले असतात. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनातील ग्रंथप्रदर्शन, पुण्यातील अप्पा बळवंत चौकातील दुकाने, मुंबईत फोर्ट भागातील पदपथावरचे विक्रेते व गावोगावची रद्दीची दुकाने ही त्यांपैकी काही स्थाने होत. दिवाळी अंकांचीही यात भर पडते. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली सुरू केलेल्या या परंपरेमुळे शरद ऋतूत एकाच वेळी अनेक अंक घरात येतात आणि त्यांतील काही पुढची दिवाळी आली तरी उघडले जात नाहीत. अनेक ग्रंथालये ठरावीक वर्गणीत दिवाळी अंक आळीपाळीने वाचायला देण्याची योजना राबवतात. प्रत्येक अंक विकत घेण्याला तो एक पर्याय आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबईतील दादर येथे ‘राजगृह’ हे निवासस्थान बांधताना आपल्या ग्रंथसंग्रहाचा विचार केला होता. त्यांचा संग्रह प्रचंड असला तरी तो अभ्यासात व लेखनात सतत वापरला जाई, त्यामुळे त्याला त्सुंदोकूचे उदाहरण म्हणता येत नाही. दुर्गा भागवत यांचे नाव मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाशी निगडित आहे. मोठ्या अभ्यासासाठी प्रत्येक ग्रंथ मालकीचा असावा लागत नाही, हे त्यांच्या व्यासंगावरून दिसते. पुस्तकांच्या सहवासावर मराठीत स्वतंत्र लेखनही झाले आहे. सतीश काळसेकर यांच्या ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तर निरंजन घाटे यांनी ‘वाचत सुटलो त्याची गोष्ट’ या पुस्तकात आपला वाचनप्रवास सांगितला आहे.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झाले. राज्यातील सार्वजनिक ग्रंथालयांना शासनमान्यता व अनुदान देण्याची व्यवस्था १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने झाली. ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकाला परतीची तारीख असते. घरच्या पुस्तकाला ती नसते, म्हणून ते मागे राहते. यावर उपाय म्हणून काही वाचक स्वतःच्या पुस्तकावरही पेन्सिलीने परतीची तारीख लिहितात.

जतनाचा प्रश्न

न उघडलेले पुस्तक सुरक्षित राहते हा समज चुकीचा आहे. दमट हवेत, विशेषतः कोकण व गोव्यातील पावसाळ्यात, बंद कपाटातील पुस्तकांना बुरशी येते. कसर व वाळवी न हाताळलेल्या पुस्तकांत निर्वेधपणे वाढतात. त्यासाठी वेखंडाच्या पुरचुंड्या किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवण्याची जुनी रीत आहे. पुस्तक वेळोवेळी काढून चाळणे, झटकणे व त्याला हवा देणे हा सर्वांत सोपा उपाय होय. जुन्या हस्तलिखितांच्या अखेरीस, तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून मला जपा, अशी ग्रंथाच्याच तोंडी घातलेली विनवणी आढळते.

संग्राहकाच्या मृत्यूनंतर त्याच्या पुस्तकांचे काय होते, हाही जतनाचाच भाग आहे. वारसांना आवड किंवा जागा नसल्यास संग्रह किलोच्या भावाने रद्दीत जातो. ग्रंथालयांनाही जागेची अडचण असते, शिवाय त्यांच्याकडे आधीच असलेल्या पुस्तकांच्या प्रती त्यांना नको असतात. म्हणून यादी तयार करून, ग्रंथालयाशी आधी बोलून, मालकाने हयातीतच पुस्तके योग्य वाचकाकडे सोपवणे श्रेयस्कर मानले जाते.

मतभेद

खरेदीवरील संयमाला एक गंभीर आक्षेप घेतला जातो. मराठीत पुस्तकांच्या आवृत्त्या लहान असतात. कविता, समीक्षा व संशोधन या प्रकारांतील पुस्तक संपल्यावर त्याचे पुनर्मुद्रण होईलच असे नाही. अशा स्थितीत पुस्तक दिसताच घेणे हा दूरदर्शीपणा ठरू शकतो. नव्या लेखकाला व छोट्या प्रकाशकाला टिकण्यासाठी विकत घेणारा वाचकच हवा असतो, हेही खरे आहे.

दुसऱ्या बाजूने असे म्हटले जाते की, विकले गेले पण वाचले गेले नाही, अशा पुस्तकाने लेखकाला मानधन मिळाले तरी वाचक मिळत नाही. त्यावर चर्चा होत नाही, त्याचे नाव कोणी दुसऱ्याला सुचवत नाही आणि पुढच्या आवृत्तीची मागणी निर्माण होत नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिले सूत्र ग्रंथाच्या उपयोगाविषयीचे आहे, तर तिसऱ्यात प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा अशी अपेक्षा आहे. ही सूत्रे ग्रंथालयांसाठी असली तरी घरातील कपाटालाही लागू पडतात. त्यामुळे सहज पुन्हा मिळतील अशी पुस्तके ग्रंथालयातून आणून वाचावीत व दुर्मीळ होऊ शकतील ती विकत घ्यावीत, असा मध्यममार्ग अनेक वाचक पत्करतात. विकत घेतलेले पुस्तक एकतर वाचावे किंवा वाचणाऱ्याच्या हाती द्यावे, याबाबत दोन्ही पक्षांत मतभेद नाहीत.

हेही पाहा

• ग्रंथालयशास्त्र
• शि. रा. रंगनाथन
• दिवाळी अंक
• मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय
• राजगृह