पोलादाच्या पोटातील पोकळ्या

१/
ऑगस्ट १९५५, जिनिव्हा. अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा यांनी भाकीत केले : येत्या दोन दशकांत केंद्रकीय संमीलनाची ऊर्जा नियंत्रितपणे मिळवण्याची रीत सापडेल. ते लांबले. कारणे सहसा प्लाझ्मात शोधली जातात. हा धागा मात्र धातूविषयी आहे.

२/
आरंभ १९४२ मधील शिकागोचा. यूजीन विग्नर हे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. पण शिक्षण रासायनिक अभियांत्रिकीचे, आणि तरुणपणी बुडापेस्टमधील कातडी कमावण्याच्या कारखान्यात काम केलेले. कागदावरची अणुभट्टी पाहताना त्यांना प्रश्न पडला तो सामग्रीच्या टिकाऊपणाचा.

३/
वेगवान न्यूट्रॉन ग्रॅफाइटमधील अणूवर आदळला की तो अणू जागचा उडतो. मागे रिकामी जागा राहते आणि उडालेला अणू इतरांच्या फटीत रुतून बसतो. कॅरमची सोंगटी दुसरीला, दुसरी तिसरीला ढकलते, तसे हे चालते. या विकाराला नावही पडले : 'विग्नरचा रोग'.

४/
हॅनफर्डच्या अणुभट्ट्यांतील ग्रॅफाइट खरोखरच फुगले. १९४६ च्या मॅकमहॉन कायद्याने अमेरिकेने आपले अणुज्ञान ब्रिटनला बंद केले. ब्रिटिशांना वाट बव्हंशी स्वतःच काढावी लागली.

५/
ऑक्टोबर १९५७, विंडस्केल. ग्रॅफाइटमध्ये साठलेली ऊर्जा मोकळी करण्यासाठी अणुभट्टी मुद्दाम तापवली जात होती. त्यातूनच आग लागली. सुमारे ५०० चौरस किलोमीटर परिसरातील दूध ओतून द्यावे लागले. रोग ठाऊक होता. घात उपचाराने केला.

६/
भाभांच्या भाकिताच्याच वर्षी, १९५५ मध्ये, ब्रिटनमधील किंचिन व पीझ यांनी एका आघातात किती अणू विस्थापित होतात याचे गणित मांडले. यांपैकी पीझ पुढे कलहॅमच्या संमीलन प्रयोगशाळेचे संचालक झाले. दोन्ही प्रश्न एकाच माणसाच्या आयुष्यात भेटलेले दिसतात.

७/
पण गणितातून सारेच दिसत नाही. १९६७ मध्ये कॉथॉर्न व फुल्टन यांनी स्कॉटलंडमधील डूनरे अणुभट्टीतील स्टेनलेस स्टील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आत असंख्य सूक्ष्म पोकळ्या होत्या. रिकाम्या जागा एकत्र येऊन धातू आतून फुगत होता. अशी सूज येईल, याची अभियंत्यांनी तयारी केलेली नव्हती.

८/
संमीलनात हे संकट वाढते. विखंडनातून निघणाऱ्या न्यूट्रॉनची सरासरी ऊर्जा सुमारे २० लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट. ड्यूटेरियम-ट्रिटियम संमीलनातील न्यूट्रॉनची १ कोटी ४१ लाख. तो अणूंना उडवतोच, शिवाय काही केंद्रके फोडून पोलादाच्या आत हेलियम निर्माण करतो. त्या वायूचे बुडबुडे धातूच्या कणसीमांवर साचतात आणि पोलाद ठिसूळ होते.

९/
या हानीचे माप म्हणजे 'दर अणूमागे स्थानभ्रंश'. माप १ म्हणजे सरासरीने प्रत्येक अणू एकदा जागचा हलला. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या 'ईटर'च्या पोलादाला संपूर्ण आयुष्यात साधारण ३ पर्यंतच हानी अपेक्षित आहे. वीज विकणाऱ्या संयंत्राच्या भिंतीला मात्र कित्येक दशकी आकडे सोसावे लागतील.

१०/
मग आधीच चाचणी का घेत नाहीत? कारण अशा न्यूट्रॉनांचा पुरेसा तीव्र आणि दीर्घकाळ चालणारा स्रोतच जगात नाही. हॅनफर्ड येथे योजलेला असा प्रकल्प १९८० च्या दशकात गुंडाळला गेला. आता स्पेनमधील ग्रनाडाजवळ 'डोनेस' उभे राहत आहे : ड्यूटेरॉनचा झोत वाहत्या द्रवरूप लिथियमवर सोडून न्यूट्रॉन मिळवायचे.

११/
भारतही या शोधात आहे. कल्पाक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांच्या सहकार्यातून ९ टक्के क्रोमियमचे खास पोलाद घडले. त्यात मॉलिब्डेनम व नायोबियमऐवजी टंग्स्टन व टँटलम आहेत, म्हणजे वापरानंतर त्याची किरणोत्सारिता लवकर उतरावी.

१२/
इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपण आगीचा दिवस लक्षात ठेवतो, कारण तिची चौकशी होते, कागद उरतात. झिजेला मात्र तारीख नसते. विग्नर नेमके ठरले, कारण त्यांनी यंत्र चालेल का हे विचारतानाच ते किती काळ चालेल, हेही विचारले. भाभांच्या भाकितात हा दुसरा प्रश्न नव्हता. तो आजही उघडाच आहे.