रोमचं पाणी कुठे मुरत होतं?

रोमन जलवाहिनी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंच कमानींचा पूल येतो. पण मंडळी, कमानी हा त्यातला छोटा भाग. इ.स.पू. १४४ मध्ये बांधायला घेतलेली आक्वा मार्किया ही वाहिनी सुमारे ९१ किलोमीटर लांब, आणि तिचा बहुतेक भाग जमिनीखालून जातो. पंप नाही, काही नाही. पाणी फक्त उताराने यायचं. फ्रान्समधल्या नीम शहराची वाहिनी बघा, ५० किलोमीटरमध्ये उतार जेमतेम १२-१३ मीटर!

बांधकामाचं कौतुक बरंच होतं. मला आज बोलायचंय ते पाणी शहराच्या वेशीशी आल्यानंतर काय होत होतं, त्याबद्दल. तिथे ते वाटपाच्या टाकीत पडायचं आणि पुढे शिशाच्या नळांनी तीन वाटांनी जायचं : सम्राटाकडे, खाजगी घरांकडे आणि सार्वजनिक कामांसाठी. या तिसऱ्या वाट्यात स्नानगृहं होती, शोभेची कारंजी होती, आणि रस्त्यारस्त्यावरचे हौद. हे हौद होते ५९१. साधा माणूस घडा घेऊन इथेच यायचा. त्याच्या घरात नळ नव्हता.

हा आकडा आपल्याला मिळतो फ्रोंटिनसकडून. इ.स. ९७ मध्ये सम्राट नेर्वाने त्याला पाणीखात्याचा प्रमुख नेमलं. माणूस मोठा चिकित्सक. आल्या आल्या त्याने दप्तर काढलं, तर नोंदीत जमा १२,७५५ क्विनारिया आणि वाटप १४,०१८! म्हणजे आलं त्यापेक्षा जास्त वाटलं. हे कसं शक्य आहे? मग तो स्वतः उगमापाशी जाऊन मोजून आला, आणि तिथे कागदावरच्या जमेपेक्षा सुमारे १०,००० क्विनारिया जास्त पाणी निघालं. (क्विनारिया हे खरं तर नळाच्या तोंडाचं माप. पाण्याचा वेग त्यात धरलेला नाही, त्यामुळे हिशेब कच्चाच.)

मग पाणी कुठे गेलं? शहराबाहेर जमीनदार वाहिनीला भोक पाडून मळे भिजवत होते. त्यासाठी १ लाख सेस्टर्स दंडाचा कायदा इ.स.पू. ९ पासून होता, तरीही! शहरात तर खात्याचीच माणसं सामील. परवानगी मिळालेल्याच्या नळाला टाकीपाशी काशाची तोटी बसवायची, असा नियम होता. कासंच का, तर शिसं मऊ, ठोकून तोंड मोठं करता येतं. पण परवाना दुसऱ्याच्या नावावर गेला की पाणीवाले टाकीला नवं भोक पाडायचे आणि जुनं तसंच ठेवून त्यातलं पाणी परस्पर विकायचे.

शिवाय रस्त्याखालून चोरनळ. वाटेतल्या दुकानांना, घरांना त्यातून पाणी मिळायचं, आणि हौदाची धार बारीक व्हायची. फ्रोंटिनसने हे नळ उखडायला लावले. किती पाणी चोरीला जात होतं याचा अंदाज आपल्याला आला, असं तो लिहितो, तो खणून काढलेल्या शिशाच्या ढिगावरून.