अंगणातला किल्ला, वसईचा

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करायची रीत थेट शिवकाळात नेऊन पोचवणारे पुष्कळ आहेत. मला ती घाई वाटते. माथ्यावर सिंहासन आणि त्यावर महाराज, हे किल्ल्याचं रूप 19व्या शतकाच्या उत्तरार्धातलं असावं. 1869 साली जोतीराव फुल्यांचा शिवाजीराजांवरचा पोवाडा आला, 1896 साली टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर उत्सव झाला. गड मनात बसल्यावरच तो अंगणात उतरणार.

तंत्र अगदी गावठी. विटा-दगड रचायचे, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं. त्याला पडलेल्या चुण्या म्हणजेच कडेकपारी. वर अळीव पेरले की चार-पाच दिवसांत हिरवळ. तोफा, मावळे आणि (कशाला कोण जाणे) गुहेत एक वाघ कुंभाराकडून आणायचा.

गोम अशी, की हे सगळं डोंगरी किल्ल्याचं तंत्र आहे. वसई-विरारकरांच्या उशाशी असलेले दोन मोठे किल्ले मात्र सपाटीवरचे. वसईचा खाडीच्या तोंडाशी पसरलेला, अर्नाळ्याचा बेटावर. इथे गोणपाट कुचकामी. तट मोजावा लागतो, बुरुजाचा कोन साधावा लागतो. म्हणजे नकाशा, पुठ्ठा आणि पट्टी आलीच.

मोजूनमापून केलेले असे किल्ले युरोपात दरबारी काम होतं. चौदाव्या लुईच्या लूव्वा या मंत्र्याने 1668 पासून तटबंदीच्या शहरांच्या प्रतिकृती करवून घेतल्या, बहुतेक 1:600 प्रमाणात, वेढ्यांचे बेत आखायला. 1913 साली एच. जी. वेल्सने ‘लिटल वॉर्स’ लिहून खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईला नियम दिले. आज टेबलावर युद्ध खेळणारे हौशी लोक साधारण 28 मिलिमीटरचा शिपाई आधी घेतात आणि रोमन वाडे, देवळं पुठ्ठ्या-फोममधून त्याच्या मापाने कापतात. आपल्याकडे मावळ्याचं आणि तटाचं माप जुळवायच्या भानगडीत कोणी पडत नाही. वसईचा तट 1:200 प्रमाणात बांधला, तर तीन इंची मावळा 50 फूट उंच ठरतो! त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. महाराज रस्त्यावरून दिसले पाहिजेत, एवढंच.

लढाईचा खेळही आपल्याकडे आहे, फक्त एका डावाचा. सुट्टी संपता संपता किल्ल्याच्या पोटात सुतळी बॉम्ब लावायचा. वसईत त्याला खरा आधार आहे: 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंगांनीच सेबॅस्टियन बुरूज फोडला आणि पोर्तुगीजांनी किल्ला सोडला.

तरीही वसईतल्या कितीतरी अंगणांत अजून रायगडच उभा राहतो. यंदा वसईच करा, मुलांनो. आधी किल्ल्यात जाऊन तटावरून पायी फिरा, बुरूज मोजा, जमिनीकडचा आणि समुद्राकडचा असे दोन्ही दरवाजे कागदावर काढून घ्या. गोणपाट घरीच राहू द्या.