पैशापैशाची काच

१७३७ सालच्या मार्च महिन्यात मल्हारराव होळकरांचं घोडदळ यमुना ओलांडून दोआबात उतरलं. शिकोहाबादेत खंडणी घेतली, फिरोजाबाद आणि एत्मादपूर लुटलं आणि जलेसरकडे वळलं. तिथे अवधच्या सादतखानाने मोठी फौज घेऊन गाठलं, तेव्हा माघार घ्यावी लागली. मराठ्यांना चंबळपार पिटाळल्याच्या बढाया सादतखान मारत असतानाच बाजीराव थेट दिल्लीच्या वेशीवर जाऊन उभे राहिले. हा पुढचा भाग आपल्याला शाळेपासून पाठ असतो. लुटलेल्या गावांची नावं मात्र कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

आग्र्याला पोस्टिंग आली तेव्हा पहिल्या आठवड्यात, सवयीप्रमाणे, नकाशा उघडला. एत्मादपूर, फिरोजाबाद, शिकोहाबाद ही तिन्ही नावं पूर्वेला जाणाऱ्या एकाच हमरस्त्यावर ओळीने बसलेली. फिरोजाबादजवळ यमुनेकाठी चंदवार. ११९४ मध्ये महंमद घोरीने कनौजच्या जयचंदाला हरवलं ते हेच. एवढ्या भांडवलावर मी घरी जाहीर केलं की रविवारी फिरोजाबादला जायचं. बायको लगेच तयार झाली. तिला घोरीशी कर्तव्य नव्हतं, तिला काच घ्यायची होती.

आग्र्याहून फिरोजाबाद साधारण ४५ किलोमीटर. गावात शिरलात की हातगाड्यांवर बांगड्यांचे तोडे हलताना दिसतात, अगदी ऊस लादल्यासारखे. आम्हाला ज्या आवारात जायचं होतं तिथे परदेशी मागणीतून उरलेला माल हिवाळ्यात विकायला काढतात. जमिनीवर पेंढा पसरलेला आणि त्यात अर्धवट रुतलेल्या फुलदाण्या, अत्तराच्या कुप्या, झुंबराचे पेले, नाताळच्या झाडाला टांगायचे पारे लावलेले गोळे आणि एका कोपऱ्यात कंदिलाच्या काचा. सगळं तोंडाने फुंकलेलं.

खरं आहे का हे कसं ओळखायचं, ते तिथल्या म्हाताऱ्या विक्रेत्याने शिकवलं. वस्तू उलटी करायची. बुडाशी मधोमध खरखरीत व्रण असेल, किंवा तो घासून गुळगुळीत केलेला असेल, तर फुंकलेली वस्तू तिथे लोखंडी कांबेवर चिकटवून तिचं तोंड घडवलेलं आहे. नुसत्या दाबून काढलेल्या काचेवर साच्याच्या दोन भागांची शिवण दिसते. साच्यात फुंकलेल्यावर ती सहसा दिसत नाही, कारण फुंकणारा ओल्या साच्यात नळी सतत फिरवत राहतो. प्रकाशासमोर धरली की एखादा बुडबुडा सापडतो. आणि शेवटची खूण म्हणजे दोन ग्लास कधीच तंतोतंत सारखे नसतात. बायकोने सहा ग्लास निवडायला अर्धा तास घेतला आणि वर तक्रार, की सेट जुळत नाही. जुळला असता तर तो यंत्राचा निघाला असता, एवढंच मी म्हणालो आणि गप्प बसलो.

मागच्या शेडमध्ये भट्टी चालू होती. विचारल्यावर आत जाऊ दिलं. फौजी गाडी उभी असली की असे दरवाजे जरा लवकर उघडतात, ते कबूल करायला हवं. काच १४०० अंशांच्या आसपास वितळते. आठ-दहा पावलांवर उभं राहूनसुद्धा कपाळ भाजत होतं. मी तोफखान्याचा. मला ते काम पाहताना तोफेवरची डिटॅचमेंटच आठवली. एकजण लांब पोकळ नळीचं टोक मुशीत बुडवून मधासारखा लोळ गुंडाळून आणतो, लोखंडी पाटावर लोळवून त्याला आकार देतो. दुसरा फुंकतो. तिसरा खाली बसून साचा उघडतो, मिटतो. चौथा तयार वस्तू हळूहळू निववायच्या भट्टीकडे पळवतो, कारण उघड्यावर गार झाली तर ती आतल्या ताणानेच तडकते. कुणी हुकूम देत नाही. एकाचा पाय उचलला की दुसऱ्याचा त्या जागी पडतो.

फुंकणाऱ्याला मी विचारलं, फुप्फुसांना फार जोर पडत असेल. तो हसला. म्हणाला, “साब, फूँक तो बच्चे की भी चल जाएगी. घुमाना आना चाहिए.” खरोखरच त्याचे गाल फारसे फुगत नव्हते, चालत होती ती बोटं. लोळ एका बाजूला ओघळू नये म्हणून नळी क्षणभरही थांबत नाही. हे हाताला बसायला त्याला सात-आठ वर्षं लागली होती. मजुरी नगावर. मुलगा या धंद्यात आलेला नाही, तो पार्सलं पोचवतो.

या गावाला काच परकी नाही. शीशगर घराण्यांच्या भट्ट्या इथे फार जुन्या. ऊसर जमिनीवर फुलून येणारी खारी रेह आणि वाळू यांतून जाड, हिरवट काच निघायची, तिच्या बांगड्या व्हायच्या. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजार परदेशी मालाने भरला. बांगड्या ऑस्ट्रियाच्या, दिव्याच्या चिमण्या आणि बाटल्या युरोपच्या, मग जपानच्या. आपल्याकडे आधुनिक कारखाने काढून पाहिले गेले, युरोपियन तज्ज्ञ आणून पाहिले. बहुतेक काही वर्षांत बंद पडले. जळण महाग, माल कच्चा, आणि मुख्य म्हणजे शिकलेले हात नाहीत. जे हात होते त्यांची विद्या घराण्याबाहेर जात नव्हती.

त्यावर उपाय निघाला तो आपल्या मावळात, हे मला वाटतं आपण पुरेसं सांगत नाही. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी ठरवलं की प्रत्येक माणसाकडून वर्षाला एक पैसा घ्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे. म्हणजे एक रुपया जमवायला ६४ माणसांसमोर हात पसरायचा, हजार रुपयांना ६४,००० माणसं. हिशोब करून पाहिला तेव्हा मी चाटच पडलो. लोकमान्य टिळक पाठीशी उभे राहिले, आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये टिळकांना अटक झाली आणि पुढे मंडाले. कारखाना मात्र चालू राहिला.

तो चालवायला, शिकवायला माणूस आला तो या उत्तरेकडच्या प्रांतातून. ईश्वरदास वार्ष्णेय. जपानला जाऊन आणि मग अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून आलेला तरुण. ज्या प्रांतात आपलं घोडदळ खंडणी वसूल करायला गेलं होतं, तिथला माणूस १७१ वर्षांनी तळेगावला आला आणि मराठी पोरांच्या हातात फुंकणी देऊन गेला. मला या गोष्टीचं १७३७ च्या स्वारीपेक्षा जास्त अप्रूप वाटतं. मल्हाररावांचा मान राखूनच हे लिहितो आहे.

पैसा फंडाच्या कारखान्याने पैसा किती मिळवला हा प्रश्न माझ्या मते गौण आहे. तो कारखाना होता आणि शाळाही होती. तिथे जात आणि घराणं न विचारता काचकाम शिकवलं गेलं, आणि शिकून निघालेली माणसं देशभरच्या काच कारखान्यांत पसरली. आम्ही लोक एनडीएचं मोजमाप खडकवासल्याच्या इमारतींवरून करत नाही, तिथून बाहेर पडून कोण कुठे उभा राहिला त्यावरून करतो. तळेगावलाही तीच फूटपट्टी लावायला हवी. वार्ष्णेय स्वतः पुढे परत आपल्या प्रांतात आले आणि बहजोईला त्यांनी काच कारखाना उभारला.

मग पहिलं महायुद्ध आलं आणि परदेशी मालाची जहाजं अडली. ती पोकळी फिरोजाबादच्या बांगड्यांनी भरली. इकडे साताऱ्यात १९१६ मध्ये ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या हद्दीत काच कारखाना काढला. प्रभाकर कंदील म्हटलं की जुन्या वाचकांना वेगळं सांगायला नको. माझ्या आजोबांच्या माजघरात तो खुंटीला असायचा आणि संध्याकाळी राखेने त्याची काच पुसणं हे घरातल्या धाकट्याचं काम. कारखान्याच्या नावावरून वस्तीचं नाव ओगलेवाडी पडलं. कराडचं रेल्वे स्टेशन तिथेच आहे, त्यामुळे रजेवर जाणारे आमचे साताऱ्याचे जवान आजही त्या कारखान्याच्या गावात उतरतात. त्यांतल्या दोघांना विचारून पाहिलं. नाव माहीत, कंदील माहीत नाही.

फिरोजाबादच्या भट्ट्या बऱ्याच वर्षांपूर्वी कोळशावरून नैसर्गिक वायूवर गेल्या. ताजमहालाचा संगमरवर काळवंडू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आग्र्याभोवतीच्या पट्ट्यात कोळशाला बंदी केली, त्याचा हा परिणाम. ताज वाचायला हवाच होता. पण भट्टी एकदा पेटली की विझवता येत नाही, तिला मागणी असो-नसो वायू लागतो, आणि लहान मालकाला ते जड जातं. बालमजुरीसाठी हे शहर बदनाम झालं होतं, तेही उगाच नव्हे. पोरांना कामावरून काढलं हे बरंच झालं. मात्र शाळा संपवून अठराव्या वर्षी येणाऱ्या मुलाला पगार देऊन, चष्मा-हातमोजे देऊन ही विद्या कुणी शिकवेल, असं ठिकाण त्या फुंकणाऱ्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या मुलाने पार्सलाची पिशवी उचलली यात मला त्याचा दोष दिसत नाही. १९०८ मध्ये एकेक पैसा मागून जे केलं गेलं, त्याला आज लागणारी रक्कम एखाद्या मोठ्या लग्नाच्या खर्चाहून जास्त नसेल.

आग्र्याला बदली होऊन येणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. सकाळी लवकर जा, दुपारनंतर चांगला माल उचललेला असतो. आणि घेतलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून देऊ लागले तर नको म्हणा, पेंढाच मागा. आमचे सहाच्या सहा ग्लास त्या पेंढ्यातच धड घरी पोचले.