रुग्णशय्येपाशीं धर्मोपदेशकाचें शिक्षण

इ. स. १९२५ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत, वुस्टर येथील वेड्यांच्या सरकारी इस्पितळांत चार विद्यार्थी राहावयास आले. ते रोगी नव्हते आणि वैद्यकाचे विद्यार्थीही नव्हते. ख्रिस्ती धर्मशास्त्राचें अध्ययन करणारीं तीं तरुण माणसें होतीं. त्यांत हेलन फ्लँडर्स डन्बर ही एक स्त्रीही होती. इस्पितळांत त्या वेळीं दोन हजारांहून अधिक रोगी होते. त्यांना उपदेश करण्याचें काम मात्र या चौघांकडे नव्हतें. दिवसा वॉर्डांतील नोकरांचीं कामें करावयाचीं, जें दिसेल व कानीं पडेल तें टिपून ठेवावयाचें, आणि मग त्या टिपणांवर सर्वांनीं मिळून चर्चा करावयाची, असा त्यांचा अभ्यासक्रम होता. हिब्रू व ग्रीक भाषा, धर्मसंघाचा इतिहास आणि प्रवचनाची कला शिकून आलेल्यांना हें शिक्षण विचित्रच वाटलें असल्यास नवल नाहीं.

या प्रयोगाचे प्रवर्तक अँटन बॉयसेन हे स्वतः अशाच इस्पितळांतून बाहेर पडलेले होते, हें लक्षांत घेतल्यावांचून त्याचें मर्म कळावयाचें नाहीं. त्यांचा जन्म १८७६ सालीं इंडियाना संस्थानांतील ब्लूमिंग्टन येथें झाला. प्रथम त्यांनीं अरण्यविद्येचा अभ्यास केला आणि मग न्यूयॉर्क येथील युनियन थिऑलॉजिकल सेमिनरी या विद्यालयांतून १९११ सालीं धर्मशास्त्राचें शिक्षण पुरें केलें. १९२० च्या ऑक्टोबरांत, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, त्यांचें मन एकाएकीं ढासळलें. जगावर घोर संकट कोसळणार आहे या कल्पनेनें त्यांना पछाडलें. प्रथम बोस्टन येथील व मग वेस्टबरो येथील इस्पितळांत मिळून सुमारें पंधरा महिने त्यांनीं काढले. सुधारणेची आशा नाहीं, असें त्यांच्या आप्तांना सांगण्यांत आलें होतें. १९२२ च्या जानेवारींत ते बरे होऊन बाहेर आले.

आंत असतांना एक गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. डॉक्टरांना रोग्यांशीं बोलावयास सवड नव्हती, आणि जे धर्मोपदेशक प्रार्थनेसाठीं येत त्यांना समोर बसलेल्या माणसांची कांहींच कल्पना नसे. एका पाहुण्या उपदेशकानें तर प्रवचनासाठीं असें वचन निवडलें, कीं ज्यांत पापास प्रवृत्त करणारा डोळा उपटून टाकण्यास सांगितलें आहे! शेजारच्या एखाद्या रोग्यानें हा उपदेश अक्षरशः अमलांत आणला तर काय, अशी धास्ती आपल्याला वाटली, असें बॉयसेन यांनीं लिहून ठेविलें आहे. त्या उपदेशकाचें पाठांतर कच्चें नव्हतें आणि हेतुही वाईट नव्हता. आपण कोणापुढें उभे आहों, हें पाहण्याचें शिक्षण तेवढें त्याला कोणीं दिलें नव्हतें. पुढें १९२६ सालीं बॉयसेन यांनीं इस्पितळांसाठीं प्रार्थनांचें व गीतांचें एक लहानसें पुस्तक तयार केलें, तेव्हां भ्रमिष्ट मनाला भय घालणारीं पदें त्यांनीं कटाक्षानें वगळलीं.

रोगमुक्त झाल्यावर ते पुन्हा विद्यार्थी झाले. हार्वर्ड येथें त्यांना डॉ. रिचर्ड कॅबट यांचा आश्रय मिळाला. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल इस्पितळांतील हे नामांकित वैद्य रोग्यांच्या हकीकती पुढें ठेवून वैद्यक शिकवण्याबद्दल प्रसिद्ध होते. रोगी न पाहतां कोणी वैद्य होत नाहीं, मग दुःखी माणूस न पाहतां धर्मोपदेशक तरी कसा व्हावा, असा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. १९२५ सालींच एक लेख लिहून त्यांनीं धर्मशास्त्राच्या अभ्यासांत प्रत्यक्ष अनुभवाचें एक वर्ष असावें अशी मागणी केली. वुस्टरचे अधीक्षक डॉ. विल्यम ब्रायन यांनीं तर १९२४ सालींच बॉयसेन यांना आपल्या इस्पितळांत धर्मोपदेशक नेमलें होतें. सहकाऱ्यांनीं शंका काढली तेव्हां ते उत्तरले, कीं रोग्यांचें भलें होणार असेल तर आपण घोड्यांचा वैद्यसुद्धां बोलावूं. या उत्तरांत धर्मावरील श्रद्धेपेक्षां व्यवहारबुद्धीच अधिक होती. परंतु बॉयसेन यांचें काम त्यानें भागलें.

विद्यार्थ्यानें येथें काय शिकावयाचें, याविषयीं मात्र या मंडळींचें एकमत कधींच झालें नाहीं, आणि या इतिहासांतील खरा रस तेथेंच आहे. बॉयसेन यांच्या मतें प्रत्येक रोगी ही एक जिवंत पोथी होती. छापील ग्रंथ जितक्या काळजीनें वाचावयाचा, तितक्याच काळजीनें ती वाचावी आणि पाप, प्रायश्चित्त, मोक्ष या शब्दांचा अर्थ तेथें पारखावा, असें ते म्हणत. कांहीं वेड हें केवळ मोडतोड नसून जीविताचा गुंता सोडविण्याची मनाची धडपड असते, असा त्यांचा सिद्धांत होता. कॅबट यांना हें पटत नव्हतें. वेडाचें मूळ शरीरांतच असावें असें ते मानीत; आजाऱ्याजवळ कसें बसावें, काय बोलावें, केव्हां गप्प राहावें, हें कौशल्य विद्यार्थ्यास यावें एवढीच त्यांची अपेक्षा होती. डन्बर बाई पुढें वैद्य झाल्या व मन आणि शरीर यांच्या संबंधावरील संशोधनानें नांवाजल्या. त्यांच्या वर्तुळांत तिसरेंच ध्येय पुढें आलें: विद्यार्थ्यानें आधीं स्वतःला ओळखावें.

१९३० च्या जानेवारींत या शिक्षणासाठीं बोस्टन येथें एक मंडळ रीतसर स्थापन झालें. त्याच वर्षीं बॉयसेन यांच्या मातोश्री वारल्या, आणि नोव्हेंबरांत त्यांचें मन पुन्हा ढळलें. आजार थोडक्यांत आटोपला. पण कॅबट यांचा विश्वास उडाला आणि त्यांनीं बॉयसेन यांना अध्यापनापासून दूर ठेवावयास लावलें. रोग्यांकडून शिकावें असें सांगणाऱ्या चळवळीनें आपल्या संस्थापकालाच रोगी ठरवून बाजूस सारावें, हा प्रकार खेदजनक खराच. तरी विद्यार्थ्यांची जबाबदारी शिरावर असलेल्या कॅबट यांची चिंता अगदींच अनाठायीं होती, असेंही म्हणवत नाहीं. १९३२ सालीं बॉयसेन इलिनॉय संस्थानांतील एल्गिन येथील इस्पितळांत गेले. डन्बर यांच्या नेतृत्वाखालीं मंडळानें न्यूयॉर्कला बिऱ्हाड हलविलें, आणि बोस्टनकर वेगळे झाले.

बोस्टनच्या पक्षास १९३३ सालीं रसेल डिक्स हा तरुण धर्मोपदेशक मिळाला. रोग्याशीं झालेलें संभाषण खोलीबाहेर येतांच शब्दशः लिहून काढण्याची शिस्त त्यानें घातली. कॅबट व डिक्स यांनीं मिळून आजाऱ्यांच्या सेवेवर १९३६ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. बॉयसेन यांचा अंतर्विश्वाच्या शोधाविषयींचा ग्रंथही त्याच वर्षीं बाहेर पडला. कागदावर स्वतःचेंच बोलणें वाचलें म्हणजे आपण कोठें घाई केली, रोग्याचा प्रश्न कोठें टाळला, केवळ स्वतःची अस्वस्थता झांकण्यासाठीं प्रार्थना कोठें म्हटली, हें विद्यार्थ्याला दिसूं लागे. ही पद्धत आजही चालू आहे.

निरनिराळीं मंडळें १९६७ सालीं एकत्र येऊन अमेरिकेंत एक संस्था झाली. तिच्या नियमाप्रमाणें शिक्षणाचें एक सत्र किमान ४०० तासांचें असतें. आतां हें शिक्षण ख्रिस्ती मंडळींपुरतें राहिलेलें नाहीं. यहुदी, मुसलमान, बौद्ध, हिंदु आणि कोणताही धर्म न मानणारे विद्यार्थीही तें घेतात. आरंभीं प्रत्येकजण आपल्याला काय साधावयाचें आहे तें लिहून देतो. मरणोन्मुख माणसाजवळ घाबरून न जातां बसतां यावें, रागावलेल्या नातलगाचें बोलणें पुरतें ऐकून घेतां यावें, अशा प्रकारचीं तीं उद्दिष्टें असतात. सत्राच्या मध्यें व शेवटीं त्यांची तपासणी होते, आणि पुष्कळदां मूळ उद्दिष्टच चुकीचें होतें असें कळून तें बदलावें लागतें.

बॉयसेन यांना हें वळण सर्वस्वीं रुचलें नव्हतें. विद्यार्थी स्वतःच्या मनाचा फार विचार करूं लागले आणि रोग्याची पोथी वाचावयाची राहिली, अशी त्यांची तक्रार होती. एल्गिनच्या त्याच इस्पितळांत १९६५ सालीं त्यांचा देहान्त झाला, तेव्हां ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते.